परदेशात आपल्यासाठी शब्द कोण टाकणार?
उद्योग संघटनांचे पदाधिकारी आणि निर्यातवाढीच्या योजना आखणारे अधिकारी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका उद्योग संघटनेचा वार्षिक अहवाल हाती आला. सभासद किती वाढले, परदेशी प्रदर्शनांत किती स्टॉल लागले, किती शिष्टमंडळे जाऊन आली, किती सामंजस्य करारांवर सह्या झाल्या, सगळे रंगीत तक्त्यांत मांडले होते. मी तो अहवाल दोनदा वाचला. मला एकच आकडा हवा होता. ज्या सभासदांना पहिली परदेशी ऑर्डर मिळाली, त्यांपैकी किती जणांना त्याच ग्राहकाकडून दुसरी मिळाली? तो आकडा कुठेच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, की तो कुणी मोजलेलाच नाही.

हे पत्र त्या न मोजलेल्या आकड्याबद्दल आहे. मी आधी 9 वर्षे एका लहान कारखान्यात निर्यातीचे टेबल सांभाळले आणि त्यानंतर 13 वर्षे लहान-मध्यम कारखान्यांचे गट बांधण्याचे काम करतो आहे. कारखान्यांनी एकत्र येऊन परदेशी बाजार गाठावा असे तुम्हालाही मनापासून वाटते, हे मी जाणतो. माझी तक्रार एवढीच, की तुमचा पैसा माणसे जमवण्यावर खर्च होतो. जमलेली माणसे एकमेकांची जबाबदारी घेऊ लागतील, यावर जवळपास काहीच खर्च होत नाही. आणि परदेशात पाय रोवायला नेमके तेच लागते.

माझ्या टेबलावर आलेली पहिली परदेशी ऑर्डर मला अजून आठवते. त्याआधी आम्ही दोन प्रदर्शने केली होती, पिशवीभर व्हिजिटिंग कार्डे आणली होती, प्रत्येकाला पत्र पाठवले होते. चार-पाच सभ्य उत्तरे आली आणि विषय तिथेच संपला. ऑर्डर आली ती वेगळ्याच वाटेने. आमच्या सुट्या भागांवर उष्णता-प्रक्रिया करून देणारा एक व्यावसायिक होता. तो आणखी एका मोठ्या कारखान्याचेही काम करायचा. त्या कारखान्याच्या परदेशी ग्राहकाला एक छोटा भाग वेळेवर मिळत नव्हता. आमच्या माणसाने शब्द टाकला, ‘यांचा माल परत येत नाही.’ एवढ्या एका वाक्यावर आम्हाला नमुने पाठवायला सांगितले गेले. जे दोन प्रदर्शनांत झाले नव्हते ते तीन महिन्यांत झाले.

पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. तिसऱ्या खेपेला आमचा माल उशिरा निघाला. ग्राहकाच्या आधी तो उष्णता-प्रक्रियावाला आमच्या दारात उभा राहिला. त्याचा आवाज चढला होता, कारण त्याने टाकलेला शब्द पणाला लागला होता. त्या दिवशी मला कळले, की ओळखीने आम्हाला तीन गोष्टी दिल्या होत्या. एक बातमी, की अमुक ठिकाणी अमुक गरज आहे. एक हमी, की हे लोक भरवशाचे आहेत. आणि एक लगाम, की चुकलात तर तुमच्याबरोबर दुसऱ्याचेही नाव जाईल. प्रदर्शनातून फार तर पहिली गोष्ट मिळते. उरलेल्या दोन विकत मिळत नाहीत.

हा एकट्या माझा अनुभव नाही. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातले यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने यांनी 1977 मध्ये कंपन्या परदेशात कशा पसरतात याचा एक सिद्धान्त मांडला. कंपनी आधी जवळच्या, ओळखीच्या वाटणाऱ्या देशात जाते, अनुभव घेते, मग हळूहळू गुंतवणूक वाढवते आणि लांबच्या देशांकडे वळते, असा त्याचा सारांश. पुढची कित्येक वर्षे निर्यातीच्या वर्गांत हेच शिकवले गेले. पण 2009 मध्ये त्याच दोघांनी आपला सिद्धान्त स्वतःच दुरुस्त केला. परक्या देशातली भाषा, कायदे, रीतीभाती माहीत नसणे ही अडचण खरीच, पण त्याहून मोठी अडचण आहे ती तिथल्या व्यवसायाच्या जाळ्याबाहेर असण्याची, असे त्यांनी लिहिले. परदेशी असल्यामुळे आपण जितके अडतो, त्याहून जास्त उपरे असल्यामुळे अडतो. आपल्या निर्यात-प्रशिक्षणांत मात्र अजून पहिलीच अडचण सोडवली जाते. कागदपत्रे, सीमाशुल्क, भाषेचे धडे, व्यापारी शिष्टाचार, हे सगळे शिकवून झाले की आपण कारखानदाराला दारापर्यंत सोडतो. दार आतून उघडणारा कुणीतरी लागतो, हे प्रशिक्षण पत्रिकेत कुठेच येत नाही.

कुठल्या मालाला हे जास्त लागू पडते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. कच्चे तेल किंवा तांबे विकायचे असेल तर जगाच्या बाजारात भाव जाहीर असतो, प्रत ठरलेली असते, खरेदीदाराला विक्रेत्याचे तोंडही पाहावे लागत नाही. पण पंपाचा सुटा भाग, शिवलेले कपडे, रंगकाम केलेली यंत्रे, सॉफ्टवेअर यांचा भाव कुठल्याही फलकावर लागत नाही. कोण चांगले बनवतो, वेळ कोण पाळतो, हे विचारूनच कळते. जेम्स राउख आणि व्हिटोर त्रिंदादे या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या देशांत स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांच्या जाळ्याचा व्यापारावर होणारा परिणाम मोजला. आग्नेय आशियात चिनी वंशाच्या लोकांचे जितके प्रमाण आहे, तितके जिथे असेल त्या देशांच्या आपसातल्या व्यापारात, अशा जाहीर भाव नसलेल्या, एकमेकांहून वेगळ्या मालाच्या बाबतीत, निदान 60 टक्क्यांच्या जवळपास वाढ त्यांना या जाळ्यामुळे दिसली. ठरलेल्या भावाच्या मालात हा परिणाम त्याहून कमी होता. लहान आणि मध्यम कारखाने जे बनवतात ते बहुतेक या जाहीर भाव नसलेल्या जातीचे असते. म्हणजे ज्यांना जाळ्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच ते सर्वांत तोकडे.

ही गोष्ट आजची नाही. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठाने व्यापार करणारे मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले, ज्यू व्यापारी आपला माल परगावच्या अडत्यांवर सोपवत. त्यांची पत्रे कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) शेकडो वर्षे पडून राहिली आणि म्हणून आपल्याला वाचता येतात. अर्थशास्त्रज्ञ अव्नेर ग्राइफ यांनी त्या पत्रांवरून असे मांडले, की एका व्यापाऱ्याला फसवणाऱ्या अडत्याला बाकीचे सगळे व्यापारी काम देणे बंद करत, आणि या धाकामुळे लांबचा व्यापार शक्य झाला. त्यावर पुढे इतिहासकारांत चांगलाच वाद झाला. कोर्टकचेऱ्याही तेवढ्याच महत्त्वाच्या होत्या, असे काहींचे म्हणणे आहे. मला दोन्ही बाजू पटतात. करार लागतोच. पण परदेशात अडकलेल्या एका कंटेनरसाठी तिथल्या न्यायालयात जाण्याची ऐपत किती लहान कारखान्यांची असते, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जाळ्यांचे कौतुकच करत सुटलो आहे. तसे नाही. न्यूझीलंडमधल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांवर 1990 च्या दशकात अभ्यास झाला. कुठल्या देशात जायचे आणि कशा पद्धतीने जायचे, हे त्यांनी बाजाराचा अभ्यास करून ठरवले नव्हते. ज्या मोठ्या भागीदाराशी नाते जुळले होते, त्याने जिकडे नेले तिकडे त्या गेल्या. त्यामुळे त्या वेगाने गेल्या, आणि त्यामुळेच अडकल्याही, कारण दुसरीकडे वळायची मोकळीक राहिली नव्हती. मी बांधलेल्या एका गटात हेच झाले. सात कारखाने, एका सभासदाच्या नातलगाची परदेशात असलेली ओळख, आणि तीन वर्षे आम्ही त्याच एका देशात चिकटून राहिलो. शेजारच्या देशात आमच्या मालाला जास्त मागणी होती. ते आम्हाला दिसत होते. पण तिथे शब्द टाकणारे कुणी नव्हते, म्हणून कुणी पाऊल उचलले नाही. गटाचा समन्वयक मी होतो, आणि त्या तीन वर्षांचा दोष माझ्याकडे येतो.

आता दोन समूहांची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्या कामाचा गाभा त्यात आहे.

पाकिस्तानातले सियालकोट हे शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे शहर. शेकडो लहान कारखाने, त्यांच्याकडून काम घेणारे आणखी लहान कारागीर, आणि बहुतेक माल निर्यातीसाठीच. 1994 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून तिथल्या मालावर निर्बंध घातले. सर्वांत मोठा बाजार एका झटक्यात बंद व्हायची वेळ आली. कुणी एकटा सुटू शकेल अशी ती परिस्थिती नव्हती, कारण शंका एखाद्या कारखान्यावर नव्हती, शहराच्या नावावर होती. तिथल्या उत्पादक संघटनेने सरकारला बरोबर घेतले, अमेरिकी सल्लागार आणले आणि दर्जाची पद्धत कारखान्याकारखान्यांत शिकवण्याची व्यवस्था केली. निर्यात सावरली. खालिद नदवी या संशोधकाने या घडामोडींचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातून एक गोष्ट निघते, जी मला फार मोलाची वाटते. संकटानंतर सहकार्य वाढले ते फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाढले नाही. परदेशी खरेदीदारांशी असलेले संबंधही घट्ट झाले. ज्यांनी सहकार्य वाढवले त्यांची कामगिरी अधिक सुधारली.

दुसरी गोष्ट ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या सिनोस खोऱ्यातली. तिथे चामड्याची पादत्राणे बनतात. सुरुवातीच्या काळात तिथल्या संस्थांनी मिळून प्रदर्शने भरवली, परदेशी खरेदीदारांना बोलावले, आणि स्थानिक बाजारापुरता असलेला हा धंदा अमेरिकेपर्यंत पोहोचला. म्हणजे प्रदर्शने निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही. त्या खोऱ्यात ती उपयोगी ठरली, कारण त्यांच्या मागे एकत्र राबणारी माणसे होती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून स्वस्त पादत्राणे येऊ लागली आणि खोऱ्याला वरच्या दर्जाकडे, स्वतःच्या डिझाइनकडे आणि नावाकडे वळणे भाग पडले. संघटनांनी एकत्रित कार्यक्रम आखला. तो फसला. ह्यूबर्ट श्मिट्झ या संशोधकाने त्याचे कारण शोधले. खोऱ्यातल्या काही मोठ्या कारखानदारांचा बहुतेक माल एका बड्या परदेशी खरेदीदाराकडे जात होता. आपल्याच मालाचे डिझाइन आणि विक्री आपण हातात घेतली तर तो नाराज होईल, म्हणून त्यांनी स्थानिक सहकार्यापेक्षा त्या खरेदीदाराशी असलेले नाते वरचढ मानले. लहानांनी काय करायचे? संघटनेत वजन मोठ्यांचेच होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे संघटना होती. दोन्हीकडे जुना समूह होता, कौशल्य होते, परदेशी बाजार होता. सियालकोटमध्ये सगळ्यांचे संकट एकच होते, म्हणून पाय एका दिशेने पडले. सिनोसमध्ये मोठ्यांचे हित आणि लहानांचे हित वेगवेगळ्या ग्राहकांकडे बांधलेले होते, आणि ते कुणी वेळेवर ओळखले नाही. तुम्ही एखाद्या गटाला मान्यता देता तेव्हा किती कारखाने आहेत, उलाढाल किती, निर्यातीचा हिस्सा किती, एवढे विचारता. सभासदांचे सर्वांत मोठे ग्राहक कोण आहेत आणि गट पुढे गेला तर त्यांपैकी कुणाचे काय बिघडेल, हा प्रश्न मी एकाही अर्जात पाहिलेला नाही. तो प्रश्न अवघड आहे, सभासद त्याचे उत्तर सहज देणार नाहीत. तरी विचारा. गट मोडतात ते बहुतेक या एका प्रश्नावर.

दुसरा धोका आपल्याच लोकांत रमण्याचा. समाजशास्त्रज्ञ ब्रायन उझी यांनी न्यूयॉर्कमधल्या कपडे बनवणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध केला. घट्ट नात्यांनी बांधलेले कारखाने टिकून राहण्याची शक्यता जास्त होती. पण एका मर्यादेपर्यंतच. सगळा व्यवहार त्याच त्या चार माणसांशी होऊ लागला, की तीच नाती ओझे होतात, नवी बातमी येत नाही, आणि एक बुडाला की दुसराही डळमळतो. घट्ट नाती आणि सैल ओळखी यांचे मिश्रण ज्यांच्याकडे होते, ते जास्त टिकले. मला हे फार खरे वाटते. माझ्या गटांपैकी ज्यांनी दर वर्षी एखादा पूर्ण नवा माणूस आत घेतला, मग तो वाहतुकीतला असो, प्रयोगशाळेतला असो की दुसऱ्याच उद्योगातला, ते गट जिवंत राहिले. जिथे दर बैठकीला तेच चेहरे, तीच तक्रार, तोच चहा, तिथे तिसऱ्या वर्षी बैठका फक्त सह्यांपुरत्या उरल्या.

घट्ट नात्याची ताकद बघायची असेल तर 1 फेब्रुवारी 1997 ची घटना पाहा. टोयोटाला ब्रेकमध्ये लागणारी एक छोटी झडप पुरवणाऱ्या आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ती झडप जवळजवळ सगळी तिथूनच येत होती आणि टोयोटाचा साठा काही तासांचाच होता. गाड्यांचे उत्पादन थांबले. आयसिनने आपली रेखाचित्रे इतरांच्या हाती दिली. ज्यांनी ती झडप आयुष्यात बनवली नव्हती, अशा कारखान्यांनी, त्यात शिलाई यंत्रे बनवणारी कंपनीही होती, मिळतील त्या यंत्रांवर ती बनवायला घेतली. मोबदल्याची बोलणी आधी झाली नाहीत. काही दिवसांत गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. अशाच जाळ्यांच्या बळावर जपानी पुरवठादार आपल्या मोटार कंपन्यांच्या मागोमाग परदेशात गेले आणि तिथे उभे राहिले. आणि त्याच जपानमध्ये 1999 मध्ये निसान ही मोटार कंपनी कर्जाच्या खाईत असताना तिच्या पुनरुज्जीवन योजनेचा एक मोठा भाग होता तो म्हणजे पुरवठादारांशी असलेली जुनी भागभांडवली नाती (त्यांचे शेअर बाळगणे) सोडवणे आणि खरेदी कमी ठिकाणांहून, स्पर्धात्मक भावात करणे. एकच देश, एकच उद्योग, एकाच दशकाच्या आत. नाते किती घट्ट असावे याचे कायमचे उत्तर कुणाकडे नाही. ते दर काही वर्षांनी तपासावे लागते.

स्पेनच्या बास्क भागातल्या मॉन्द्रागोन सहकारी समूहाचा दाखला मला द्यायलाच हवा, कारण सहकार्याचे इतके मनापासून केलेले दुसरे काम मला माहीत नाही. 1956 मध्ये एका छोट्या कारखान्यापासून तो सुरू झाला. पुढे त्याचीच फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी झाली. तिने 2005 मध्ये ब्रांट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली. परदेशात वाढण्याचे ते मोठे पाऊल होते. मग घरबांधणी कोसळली, उपकरणांची मागणी आटली, कर्ज डोईजड झाले. समूहातल्या इतर सहकारी संस्थांनी तिला बराच काळ पैसा पुरवला. 2013 मध्ये मात्र त्यांनी हात आखडता घेतला आणि फागोर बुडाली. तिच्या अनेक कामगारांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतले. मी या घटनेकडे दोन्ही अंगांनी पाहतो. जाळ्याने बुडणाऱ्या कंपनीला जास्त वर्षे तरंगत ठेवले, हे कदाचित चुकले. पण कंपनी गेली तेव्हा अनेक माणसे रस्त्यावर येण्यापासून वाचली, हे जाळ्याशिवाय झाले नसते. तुमच्या कामगिरीच्या तक्त्यात या दुसऱ्या गोष्टीला जागा आहे का?

आकड्यांबद्दल आणखी एक सांगतो. ‘आमच्या गटात आलेल्या कारखान्यांची निर्यात न आलेल्यांपेक्षा जास्त वाढली’ असे वाक्य जवळपास प्रत्येक अहवालात असते. ते खरे असू शकते आणि तरीही काहीच सिद्ध करत नाही. जे कारखाने मुळातच हुशार, धडपडे आणि थोडा पैसा बाळगून असतात, तेच आधी गटात येतात. त्यांची निर्यात गट नसता तरी वाढली असती. तुलना करायचीच असेल तर सारख्या आकाराच्या, सारख्या वयाच्या, गटात यायच्या आधी सारखी निर्यात असलेल्या कारखान्यांशी करा, आणि गट सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी करू नका, चार-पाच वर्षांनी करा. कारण पहिले वर्ष-दीड वर्ष तर माणसे एकमेकांना जोखण्यातच जातात. त्या काळात गटाचा खर्च दिसतो, फायदा दिसत नाही. आणि नेमक्या त्याच टप्प्यावर तुमचे अनुदान संपते.

हे मी रागाने लिहीत नाही. पण लिहिताना मन भरून येते, कारण मी असे गट मोडताना पाहिले आहेत. एका योजनेत दोन वर्षांचे अनुदान होते. पहिले वर्ष सभासदांना एकमेकांच्या कारखान्यात नेण्यात गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा एकत्र तपासणी यंत्र घेतले, एकाच कंटेनरमधून तिघांचा माल पाठवला. एका ग्राहकाची चौकशी आली तेव्हा ती पूर्ण करण्याची क्षमता नसलेल्या सभासदाने ती लपवून न ठेवता दुसऱ्याकडे पाठवली. प्रतिस्पर्ध्याकडे! ज्याला या धंद्याची माहिती आहे त्याला कळेल, हे किती मोठे पाऊल आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी योजनेची मुदत संपली, समन्वयकाचा पगार थांबला, आणि वर्षभरात सगळे पुन्हा आपापल्या फाटकाआड गेले.

म्हणून माझी पहिली मागणी समन्वयकाबद्दल आहे. डेन्मार्कने 1989 मध्ये कंपन्यांची जाळी बांधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा पैसा नुसता कंपन्यांना दिला नाही. कंपन्यांना जोडणारी मधली माणसे प्रशिक्षण देऊन तयार केली. मधला माणूस लागतो, कारण दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणीच पहिला पत्ता टाकत नाही. तो कुणाचाही नोकर नसावा, कुणाच्याही कुटुंबातला नसावा, आणि सभासदांच्या ग्राहकांची नावे पोटात ठेवू शकणारा असावा. असा माणूस एका वर्षाच्या कंत्राटावर मिळत नाही. मिळाला तरी दहाव्या महिन्यापासून तो दुसरी नोकरी शोधू लागतो. निदान पाच वर्षांची तजवीज करा, आणि दर वर्षी सभासदांचा वाटा वाढवत न्या, म्हणजे पाचव्या वर्षी गट स्वतःच्या पायावर आहे की नाही ते आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. इटलीने 1989 मध्ये लहान कंपन्यांच्या निर्यात-संघांना आधार देणारा कायदा केला आणि 2009 मध्ये ‘जाळे-करार’ नावाची तरतूद आणली. त्यानुसार कंपन्या आपापले स्वतंत्र अस्तित्व ठेवून, ठरावीक उद्दिष्टांसाठी एका करारात येऊ शकतात. नवी कंपनी काढायला नको, विलीन व्हायला नको. असा साधा साचा हाताशी असेल तर वकिलाच्या फीमध्येच गटाचा उत्साह आटत नाही. आणि स्पर्धा कायद्याची भीती घालवा. निर्यातीसाठी एकत्र आलो तर संगनमताचा आरोप येईल का, हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी विचारतोच. अमेरिकेने 1918 मध्येच वेब-पोमरीन कायद्याने निर्यात-संघांना, देशातल्या स्पर्धेला बाधा न येण्याच्या अटीवर, सूट दिली होती. काय चालेल आणि काय चालणार नाही, याची दोन पानी सोपी माहितीही पुरे होईल.

आता थोडे संघटनांच्या सभासदांशी, म्हणजे आपल्याच लोकांशी. परदेशी ग्राहकाचे नाव लपवणे आपल्या हाडीमाशी भिनले आहे. ते समजण्यासारखे आहे, कारण शेजाऱ्याने ग्राहक पळवल्याचे घाव खरे असतात. म्हणून सुरुवात ग्राहकापासून करूच नका. जिथे कुणाचे काही जात नाही तिथून करा. एकत्र चाचणी, एकत्र प्रमाणपत्र, एकत्र वाहतूक, परदेशात एक सामाईक गोदाम. निर्यात-संघांचे दोन प्रकार असतात. एक फक्त मिळून प्रसिद्धी आणि माहिती गोळा करतो, विक्री ज्याची त्याने करायची. दुसरा मिळून विकतो. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जाता येते, पण वेळ द्यावा लागतो. मी पाहिलेले जे गट पहिल्याच दिवशी समान भाव आणि समान विक्रीवर बसले, ते भावावरच फुटले. बाहेर पडण्याची अटही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. दार उघडे आहे हे माहीत असले की माणूस आत निवांत बसतो.

आणि कुणी तुमच्यासाठी परदेशात शब्द टाकला, तर त्याची आठवण ठेवा. उशीर होणार असेल तर ग्राहकाआधी त्याला कळवा. आम्ही त्या उष्णता-प्रक्रियावाल्याला कळवले नव्हते. त्याने आम्हाला माफ केले, पण पुढची दोन वर्षे आमच्यासाठी दुसरीकडे कुठेही शब्द टाकला नाही. त्या दोन वर्षांत आम्ही काय गमावले, याचा हिशेब आमच्या कोणत्याही वहीत नाही.

पदाधिकारी आणि अधिकारी मित्रहो, तुमच्या पुढच्या अहवालाचा नमुना तयार होत असेल. त्यात तीन रकाने घाला, एवढे मागून थांबतो. पहिला: या वर्षी मिळालेला नवा परदेशी ग्राहक कुणाच्या शब्दाने आला? दुसरा: गेल्या वर्षीच्या नव्या ग्राहकांपैकी किती जणांनी पुन्हा ऑर्डर दिली? तिसरा: सभासदाने स्वतःला न झेपणारी चौकशी दुसऱ्या सभासदाकडे किती वेळा पाठवली? पहिल्या वर्षी यातले बरेच रकाने कोरे येतील. ते कोरेच छापा. माझ्या गटांची गेल्या 13 वर्षांची माहिती, सभासदांची आणि ग्राहकांची नावे काढून, मी नमुना म्हणून तुमच्या हवाली करायला तयार आहे. पहिली 4 वर्षे त्यातही कोरीच आहेत.

आपला,
उद्योगगटांचा एक समन्वयक